‘मऊ आहार द्यावा’ म्हणजे नेमकं काय द्यावं? लकव्यानंतर घरी गेलेल्या एका रुग्णाचं प्रकरण

रुग्ण ६७ वर्षांचे, तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार. घरात त्यांना आप्पा म्हणतात, इथेही तेच नाव वापरते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सप्टेंबरच्या मध्यावर एका पहाटे आप्पांना उठताच येईना. डावा हात लुळा, पाय ओढत, तोंड वाकडं. ‘अंगावरनं वारं गेलं’ हे घरच्यांनी लगेच ओळखलं आणि वेळ न घालवता मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात आणलं. झोपेत नेमकं कधी झालं ते सांगता येत नव्हतं, त्यामुळे गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देता आलं नाही. स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटलेला दिसला. रक्तदाब जुना, गोळ्या आठवण होईल तशा.

पहिले सहा दिवस नाकातून नळी होती. सातव्या दिवशी आप्पा पूर्ण जागे, बोलताहेत, ‘चहा आणा’ म्हणून मागे लागलेत, म्हणून नळी काढली. नवव्या दिवशी घरी सोडलं. नळी काढण्याआधी गिळण्याची चाचणी घेतल्याची नोंद कागदांत कुठे नाही. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली इंग्रजीत एक ओळ होती: ‘सॉफ्ट डाएट, अ‍ॅस्पिरेशन प्रिकॉशन्स’, म्हणजे मऊ आहार, आणि घास-पाणी श्वासनलिकेत जाणार नाही याची काळजी. पुण्याहून रजा काढून आलेल्या मुलाने सिस्टरना अर्थ विचारला. ‘मऊ द्या, बसवून द्या,’ एवढं उत्तर मिळालं. त्याने बिल भरलं, कार्ड फायलीत लावलं, वडिलांना गावी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला.

घरी गेल्यावर पाचव्या रात्री आप्पांना पुन्हा मिरजेत आणावं लागलं, या वेळी दुसऱ्या रुग्णालयात. ताप, धाप, नखं निळसर. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया. ऑक्सिजन लावला, अँटिबायोटिक सुरू झालं, नळी परत आली. छाती जरा निवळल्यावर तिथल्या डॉक्टरांनी मला बोलावलं. मी स्पीच थेरपिस्ट आहे. गिळण्याचं कामही आमच्याकडेच येतं, हे अजून पुष्कळांना सांगावं लागतं.

घरात काय काय दिलं गेलं

हा हिशोब मला मावशींकडून (आप्पांच्या पत्नी) आणि सुनेकडून तुकड्यातुकड्यांनी मिळाला. कुणावर ठपका यायला नको म्हणून दोघी आधी जपूनच बोलत होत्या.

सकाळी चहा. आप्पांची जन्माची सवय बशीत ओतून फुरके मारायची, सोबत टोस्ट बुडवून. गोळ्या सगळ्या एकत्र खलबत्त्यात कुटून, पाण्यात कालवून. दुपारी आमटीत भाकरी कुस्करून, आणि आमटी आपल्याकडची, म्हणजे पातळच. पाणी तांब्यातून, मान मागे टाकून, वरून. रात्री वरण-भात. मधल्या वेळात कुणी ना कुणी भेटायला येई. एकांनी शहाळं आणलं, एकांनी बकऱ्याचं आळणी. फळछाटणीचे दिवस असल्यामुळे सून सकाळी साडेआठला बागेत जायची ती चारला यायची. दुपारचं जेवण मावशींच्या हातचं. त्यांच्या एकटीच्याने आप्पांना उठवून बसवणं होत नव्हतं, म्हणून खाटेवर दोन उशांना टेकवून भरवायच्या.

या यादीत एकही कडक पदार्थ नाही. कार्डावरची आज्ञा घरच्यांनी तंतोतंत पाळली होती, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक घास आप्पांच्या घशाला धोक्याचा होता.

मावशी मला म्हणाल्या, ‘आवो मॅडम, भाकरी अडकंल, मी मानती. पाणी कसं अडकंल? पाणी तर तान्ह्या पोराला बी गिळतंय.’

हा समज घराघरांत आहे आणि तो चुकीचा ठरतो तो वेगामुळे. घास घशात पोचला की स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावरचं झाकण पडतं, स्वरतंतू मिटतात आणि क्षणभर श्वास थांबतो. हे सगळं एका सेकंदाच्या आत. लकव्यानंतर ही साखळी सुरू व्हायलाच उशीर होतो. घट्ट घास तेवढा वेळ जिभेवर थांबून राहतो. पाणी थांबत नाही. दार मिटायच्या आधीच ते श्वासनलिकेत उतरलेलं असतं. वरून पाणी प्यायला मान मागे टाकली की तर ती वाट आणखी मोकळी होते. टोस्ट चहात बुडवला किंवा पातळ आमटीत भाकरी कुस्करली की तोंडात एकाच वेळी दोन वेगांच्या गोष्टी येतात. भाकरीचा गोळा चावून होईपर्यंत आमटी पुढे निघून गेलेली असते.

सुनेने सांगितलेली एक गोष्ट मी माझ्या नोंदीत अधोरेखित केली. पहिले दोन दिवस आप्पांना पाणी पिताना ठसका लागायचा. तिसऱ्या दिवसापासून थांबला. सगळ्यांना वाटलं, सुधारणा झाली. आजारी, थकलेल्या माणसाचा ठसका थांबण्याचं एक कारण असं असतं की घशाने आत गेलेल्या पाण्याची दखल घेणंच सोडून दिलेलं असतं. पाणी जात राहतं, खोकला येत नाही. चौथ्या संध्याकाळी अंग गरम लागलं ते त्यानंतर.

बोलणं चांगलं म्हणून गिळणं चांगलं?

आप्पांची वाणी किंचित जड होती, पण बोलणं स्वच्छ समजत होतं, विनोदही करत होते. पहिल्या रुग्णालयात नळी लवकर निघाली त्यामागे हेच असावं. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि आप्पांचा घाव उजवीकडे होता, म्हणून भाषा वाचली. गिळण्याचं काम मात्र दोन्ही बाजू मिळून सांभाळतात. लकव्यानंतरच्या पहिल्या दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो, मग ते बोलत असोत वा नसोत. त्यातल्या बऱ्याच जणांचा तो काही आठवड्यांत कमी होतो, ही त्यातली चांगली बाजू.

उजव्या बाजूच्या घावाची आणखी एक खोड असते. रुग्णाला आपल्यात काही बिघडलंय हेच पटत नाही आणि तो घाई करतो. आप्पा पहिला घास गिळायच्या आत दुसऱ्यासाठी तोंड उघडायचे. ताटातला डावीकडचा अर्धा भाग त्यांच्या लेखी नव्हताच, आणि डाव्या गालात साठलेला घासही नव्हता. मी पहिल्यांदा तोंड तपासलं तेव्हा आदल्या जेवणाचा भात डाव्या गालात तसाच होता, जिभेवर पांढरा थर, खालची कवळी ढिली होऊन हलत होती, आणि एका कोपऱ्यात तंबाखूचे कण. तंबाखू कुणी दिली, याचं उत्तर वॉर्डात कुणीच दिलं नाही.

चमचाभर पाणी दिलं. ठसका नाही. ‘आऽऽ’ म्हणायला सांगितलं, तर आवाज गुळणी करताना यावा तसा ओला. मुद्दाम खोकायला सांगितलं, तर खोकला अगदीच लेचापेचा. जागच्या जागी घ्यायची जी नेहमीची चाचणी आहे, ९० मिली पाणी न थांबता प्यायला लावायची, ती अशा माणसात मी केली नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारून दुर्बिणीतून गिळण्याची तपासणी ठरवली. नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घशापर्यंत सोडायची, खाण्याचा हिरवा रंग घातलेलं दूध, दही, मऊ भात एकेक करून द्यायचा आणि तो कुठे जातो ते पडद्यावर पाहायचं. ही पद्धत १९८८ पासून वापरात आहे, रुग्णाच्या खाटेशीही करता येते आणि तिला क्ष-किरण लागत नाहीत.

पडद्यावर सगळं स्पष्ट दिसलं. पातळ दूध गिळायला सुरुवात व्हायच्या आधीच घशात ओघळलं आणि स्वरतंतूंच्या खाली गेलं. खोकला आला नाही. तेच दूध थोडं दाट केल्यावर सुरक्षित गेलं, मात्र घोट लहान हवा. हनुवटी छातीकडे झुकवली तर आणखी बरं. (ही युक्ती सगळ्यांना लागू पडत नाही, दुर्बिणीत फरक दिसला म्हणूनच आप्पांना शिकवली.) मऊ, कालवलेला भात नीट गेला, पण थोडा घशाच्या खळग्यात राहिला आणि दुसऱ्यांदा रिकामं गिळल्यावर साफ झाला.

तपासणीच्या वेळी सुनेला आम्ही पडद्याजवळ उभं केलं होतं. हिरवं दूध श्वासाच्या वाटेने जाताना तिने पाहिलं. पुढचं सगळं समजावणं त्यामुळे सोपं गेलं.

शिकवायचं कुणाला

मुलगा पुन्हा आला होता. सही त्याची, फोन नंबर त्याचा, डॉक्टरांशी बोलणंही त्याचंच. पण तो भरवणार नव्हता. मी त्याला विचारलं, ‘सकाळचा चहा कोण देतं? दुपारी कोण? रात्री उठून पाणी मागितलं तर?’ तीन प्रश्नांची तीन उत्तरं आली: सून, मावशी, आणि आप्पांच्या शेजारी झोपणारा कॉलेजातला नातू. डिस्चार्जच्या आधी मला ही तीन माणसं वॉर्डात हवी होती. मावशींना यायला जमेना, बागेत मजूर होते आणि त्यांना भाकऱ्या लागत होत्या. शेवटी रविवारी तिघं आली. माझ्या मते डिस्चार्जची तारीख अशा गोष्टीवर ठरावी. रुग्णालयाला ते गैरसोयीचं वाटतं, खाट अडते. आप्पांचा दुसरा मुक्काम ऑक्सिजनवर झाला हे लक्षात घेतलं तर एक दिवस खाट अडणं महाग नाही.

द्रवाचा दाटपणा आणि जेवणाचा मऊपणा मोजायची एक पद्धत आता जगभर चालते. तिचं नाव आयडीडीएसआय. तिच्यात ० पासून ७ पर्यंत पायऱ्या आहेत: ० म्हणजे साधं पाणी, ७ म्हणजे नेहमीचं जेवण. आप्पांसाठी पातळ पदार्थ पायरी २ चे आणि जेवण पायरी ५ चं, म्हणजे बारीक केलेलं आणि ओलसर. या पद्धतीची खरी सोय अशी की दाटपणा मोजायला यंत्र लागत नाही. १० मिलीची सिरिंज घ्यायची, सुई नको, दट्ट्या काढून टाकायचा. खालच्या तोंडावर बोट धरून १० च्या खुणेपर्यंत द्रव भरायचा, बोट काढून १० सेकंद वाहू द्यायचं आणि पुन्हा बंद करायचं. आत ४ ते ८ मिली उरलं तर पायरी २. सिरिंज कोणतीही चालत नाही. शून्यापासून दहाच्या खुणेपर्यंतची लांबी ६१.५ मिमी असलेलीच घ्यावी, नाहीतर आकडा फसवतो. आम्ही वॉर्डातूनच मोजून दोन दिल्या.

सुनेने घरून थर्मासमध्ये चहा आणला होता. तिने दाट करायची पावडर घातली, ढवळलं, थांबली, सिरिंजमध्ये ओतलं. नातू मोबाईलवर सेकंद मोजत होता. ९ मिली उरलं. जास्तच दाट. थोडा चहा वाढवला, पुन्हा मोजलं, ७. मावशी हे सगळं कपाळाला आठ्या घालून बघत होत्या. चमच्याने उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ह्यो चहा हाय का खळ?’ आप्पांनी पहिला चमचा घेऊन तोंड वाकडं केलं. चवीचा प्रश्न खरा आहे. दाट केलेलं पाणी माणसं कमी पितात आणि अंगातलं पाणी कमी पडतं, हा या उपायाचा मोठा दोष. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना एकतर दाट द्रव दिले किंवा साधे द्रव हनुवटी झुकवून. तीन महिन्यांत न्यूमोनियाच्या बाबतीत म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणून दाट पाण्याला मी रामबाण म्हणत नाही. आप्पांच्या बाबतीत तो उपाय दुर्बिणीखाली उपयोगी पडताना दिसला होता, आणि खोकला सुधारेपर्यंतचा वेळ भरून काढायला हवा होता, एवढंच.

जेवणाचं मात्र मावशींनी माझ्यापेक्षा लवकर उचललं. पायरी ५ मध्ये मोठ्या माणसासाठी तुकडा ४ मिमीपेक्षा रुंद नको. काट्याच्या दोन दातांमधली फट साधारण तेवढीच असते. त्यांच्या घरी काटा नव्हता, नातवाने मिरजेतूनच एक विकत घेतला. मग त्या एकेक पदार्थ विचारत गेल्या. मुगाची खिचडी? घट्ट, गुरगुटी करून, चालेल. पिठलं? पळीवाढं नको, घट्ट. आणि आतल्या मिरच्या काढून. नाचणीची आंबील? सिरिंजला विचारा. मेथीची भाजी? नको, पान टाळूला चिकटतं. दुधी नाहीतर लाल भोपळा घोटून. भाकरी? इथे मला ‘नाही’ म्हणायचं नव्हतं. या घरात भाकरीशिवाय जेवण झालं असं कुणी मानत नाही. पापुद्रा काढायचा, आतला मऊ भाग गरम दुधात नाहीतर घट्ट आमटीत पूर्ण भिजू द्यायचा, काट्याने कालवायचा आणि ताट तिरकं केल्यावर पाणी वेगळं ओघळलं तर ते काढून टाकायचं. शेंगदाण्याची चटणी, भडंग, फुटाणे, बेदाणे आणि आख्खी द्राक्षं साफ बंद. द्राक्षबागायतदाराला द्राक्ष बंद, यावर आप्पा हसले. ‘येक बी न्हाई?’ एक पण नाही.

गोळ्यांचा घोळ

या प्रकरणातला हा भाग सगळ्यांच्या नजरेतून निसटला असता. पहिल्या कार्डावरच्या गोळ्यांत मेटोप्रोलोल या रक्तदाबाच्या औषधाची हळूहळू सुटणारी गोळी होती, आवरण असलेली अ‍ॅस्पिरिन होती आणि पँटोप्राझोल हे पित्ताचं औषध होतं. खलबत्त्यात कुटल्यावर दिवसभर पुरवून सुटायचं औषध एकदम सुटतं. आवरण फुटलं की अ‍ॅस्पिरिन जठराला त्रास देऊ शकतं आणि पँटोप्राझोल जठरातल्या आम्लात वाया जातं. गिळता येत नाही म्हटल्यावर घरचे गोळ्या कुटणार, हे उघड असतं. त्यामुळे कुटायला चालतील अशाच गोळ्या लिहिणं हे काम रुग्णालयाचं. डॉक्टरांनी मेटोप्रोलोल साधं, दिवसातून दोनदा केलं, अ‍ॅस्पिरिन साधी दिली, आणि पँटोप्राझोलची आता गरज नाही म्हणून बंद केलं. प्रत्येक गोळी वेगळी कुटून, चमचाभर घट्ट दह्यात, एकेक.

घरी दिलेला कागद

छापील कार्डाबरोबर मी मराठीत हाताने एक पान लिहिलं. स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दारावर आतून चिकटवायचं असं ठरलं. त्यावर होतं:

*आप्पा पूर्ण जागे असतील तरच द्यायचं. पेंग येत असेल तर जेवण पुढे ढकला.*

*हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ, डाव्या कुशीला उशी. खाटेवर टेकवून काहीही नाही, पाणीसुद्धा नाही. जेवणानंतर अर्धा तास बसून.*

*फुलपात्रात एका वेळी दोनच चमचे ओता. तांब्या आणि बशी त्यांच्या हाताला लागू देऊ नका. हनुवटी खाली, गिळा, पुन्हा एकदा गिळा, मग पुढचा घोट.*

*जेवण झालं की डावा गाल बोटाने बघा. दात आणि जीभ ब्रशने, सकाळी, रात्री आणि प्रत्येक जेवणानंतर. रात्री कवळी काढून पाण्यात. तंबाखू नाही.*

*आवाज ओला वाटला, श्वास जोरात चालला, अंग गरम लागलं किंवा लघवी गडद होऊन कमी झाली तर त्याच दिवशी फोन. श्वास कोंडला, बोलता येईना, तर पाठीत पाच जोरदार थापा, मग मागून मिठी मारून पोट पाच वेळा आत-वर दाबा, आळीपाळीने, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन.*

शेवटचा भाग नातवाला वॉर्डातल्या उशीवर करायला लावला. तोंडाच्या स्वच्छतेवर मी जास्त जोर दिला. लाळ रात्री झोपेतही थोडी खाली जात असते, ती थांबवता येत नाही. तिच्यात जंतू कमी असतील एवढं मात्र बघता येतं.

तीर्थाचा प्रश्न मावशींनी निघता निघता काढला. घरात रोज पूजा, आणि गणपतीचं तीर्थ ‘नको’ कसं म्हणायचं? स्वच्छ तोंडात, बोट ओलं करून जिभेवर टेकवायचं, असं ठरलं. ओंजळीतून नाही.

दुसऱ्यांदा घरी

पहिला आठवडा ठीक गेला. रोज एका जेवणाचा छोटा व्हिडिओ सून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. मी आप्पांचा आवाज ऐकायची, मावशींचा हात किती घाईत आहे ते बघायची. किती फुलपात्रं पाणी गेलं ते नातू भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रेघा मारून ठेवायचा. गावातल्या आशा ताईंना सुनेने तो कागद दाखवला आणि त्या जाता-येता ताप बघू लागल्या.

दुसऱ्या आठवड्यात सुनेचा फोन आला. ‘मॅडम, पावडर तीच घातलीय, पण सिरिंजमधनं सगळंच वाहून जातंय.’ पावडरचा फोटो मागवला. गावाजवळच्या मेडिकलमध्ये आधीची संपली होती, म्हणून त्याने दुसरी दिली होती. आधीची झँथन गमची, ही मक्याच्या स्टार्चची. त्यात आप्पांना बद्धकोष्ठाची पावडर सुरू झाली होती, मॅक्रोगोल नावाची, आणि सुनेने दोन्ही एकाच पेल्यात कालवल्या होत्या. मॅक्रोगोल आणि स्टार्चची दाट पावडर एकत्र आली की मिश्रण पुन्हा पाण्यासारखं पातळ होतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये यावर इशाराही दिला आहे. शिवाय स्टार्चने दाट केलेला द्रव लाळेनेही हळूहळू पातळ होतो. ही गोष्ट मी कागदावर लिहिली नव्हती, तिथवर कुणाचा विचारच गेला नव्हता. सुनेच्या ध्यानात आली ती केवळ सिरिंजमुळे. चमच्याने बघून भागवलं असतं तर पेला आप्पांच्या तोंडाला लागला असता. झँथनचा डबा नातवाने सांगलीहून आणला. आता मी कागदावर पावडरचा प्रकार लिहिते आणि डब्याचा फोटो काढून ठेवायला सांगते.

दिवाळी त्यानंतर लगेच आली. चिवडा, चकली, शंकरपाळ्या, आणि पंचवीस-तीस माणसं भेटायला. प्रत्येकाच्या हातात काहीतरी, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, ‘येवढ्यानं काय हुतंय?’ यात मावशी फार कामाला आल्या. त्यांनी स्वतःच ठरवून आप्पांची खुर्ची माजघरात हलवली, ओसरीवर भेटायला येणाऱ्यांना चहा तिथेच. फराळाऐवजी आप्पांना रव्याची घट्ट खीर, बेदाणे वाटून. ही कल्पना माझी नव्हे.

बंधन किती दिवस

डिस्चार्जच्या वेळीच मी कागदाच्या खाली एक तारीख लिहिली होती, सहा आठवड्यांनंतरची: पुन्हा दुर्बिणीची तपासणी. मला हे या प्रकरणातलं सर्वात दुर्लक्षित अंग वाटतं. वर्ष-दीड वर्ष नुसती पेज खाणारे आणि दाट पाणी पिणारे रुग्ण मी पाहिले आहेत. कारण एवढंच की ‘दाट द्या’ म्हणून सांगितलं आणि कधीपर्यंत ते कुणी सांगितलं नाही. घरचे भीतीने पाळत राहतात, माणूस वाळत जातो. घसा तोवर सुधारलेला असतो.

मधल्या काळात व्यायाम होते: जोरात श्वास भरून खोकणं, उताणं पडून खांदे न उचलता डोकं वर करून पायांकडे बघणं, जोर लावून गिळणं. आप्पा नियमितपणे करत होते असं मी म्हणणार नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी केलेल्या तपासणीत पातळ दूध बहुतेक वेळा सुरक्षित गेलं. एकदाच किंचित आत उतरलं, आणि या वेळी आप्पा लगेच, चांगले जोरात खोकले. खोकला परत येणं हीच बातमी होती. आधी जेवणाव्यतिरिक्त, तोंड धुऊन, लहान घोटांनी साधं पाणी सुरू केलं. दोन आठवडे छाती साफ राहिल्यावर चहाही साधा. कपातून, बशीतून नाही. वजन दोन्ही मुक्कामांत मिळून सहा किलोने उतरलं होतं, त्यातलं चार किलो जानेवारीपर्यंत भरून आलं. जेवण पायरी ६ वर आलं आहे, म्हणजे मऊ आणि दीड सेंटीमीटरच्या आतले तुकडे. भाकरी पापुद्र्यासकट, घट्ट कालवणात भिजवून. चहात टोस्ट आणि भडंग अजून बंदच. तंबाखूबद्दल आप्पा म्हणतात सुटली, मावशी काही बोलत नाहीत.

सर्दी-ताप आला की पाणी पुन्हा दाट करायचं आणि व्हिडिओ पाठवायचा, असं ठरलेलं आहे. जानेवारीच्या थंडीत एकदा तशी वेळ आली. सुनेने मला फोन करायच्या आधीच सिरिंज काढली होती. चार दिवस दाट पाणी दिलं, ताप उतरला, एक्स-रे स्वच्छ आला.